एक्सटी ५००: चौदा महिने जोडली, आठ महिने चालवली

जुनी गाडी जोडून झाली, पहिल्या किकला धूर निघाला, की लोक व्हिडिओ टाकतात आणि गायब होतात. सहा महिन्यांनी त्या गाडीचं काय झालं हे शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही. स्वतःची गाडी खोलण्याआधी मीही असंच शोधत बसले होते, म्हणून हे लिहितेय. यामाहा एक्सटी ५००, १९७८ची. चौदा महिने घरच्या वर्कशॉपमध्ये खोलून जोडली आणि त्यानंतर आठ महिने चालवतेय. मीटरवर ३,१०० किलोमीटर पडलेत, त्यातले निम्मे तरी कच्च्या रस्त्याचे.

गाडी माहीत नसेल त्यांच्यासाठी: १९७६पासून विकली गेलेली, ४९९ सीसीची सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८७ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८४. पुढे २१ इंची चाक, मागे १८. सेल्फ स्टार्टर नाही, इंजिनात कंपनं कमी करणारा बॅलन्सर नाही, वीज सहा व्होल्टची. १९७९ची पहिली पॅरिस-डकार रॅली सिरिल नेव्ह्यू याच गाडीवर जिंकला आणि १९८०चीही. एवढं सांगितलं की लोक गाडीकडे आदराने बघतात. मग मी किक मारायला उभी राहते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर जाऊन काळजी येते.

माझं वजन ५२ किलो. ‘पाचशेची सिंगल, आणि तीही किकवर? तुला जमणार?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही. ही किक वजनाने बसत नाही, क्रमाने बसते. हँडलच्या डाव्या बाजूला डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, छोटा लिव्हर असतो आणि इंजिनाच्या हेडवर एक इवलीशी काचेची खिडकी. किक हळूहळू खाली दाबत जायची. कॉम्प्रेशन लागून पाय अडला की थांबायचं. लिव्हर ओढून किक तसूभर पुढे सरकवायची, खिडकीत चंदेरी खूण दिसेपर्यंत. मग लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि एकच सलग, पार खालपर्यंत. थ्रॉटलला हात लावायचा नाही. मी तिसऱ्या आठवड्यात घाईत खूण न बघता अर्धवट किक मारली, ती उलटी आली आणि पोटरीवर असा काळानिळा डाग उमटला की पंधरा दिवस जिना चढताना आठवण येत होती. त्यानंतर खूण बघितल्याशिवाय पाय उचलला नाही. आता थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू होते, गरम असली तर बहुतेक पहिल्याच.

आता मुद्द्याचं. या आठ महिन्यांत मला त्रास दिला तो जुन्या भागांनी नाही. दिला तो मी हौसेने नवं केलेल्या गोष्टींनी.

सुरुवात चॅसीपासून करते, कारण माझं इंजिन तिथेच मेलं असतं. एक्सटीचं इंजिन ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी साठत नाही, आणि ऑइलची वेगळी टाकीही नाही. चॅसीच्या नळ्यांच्या आतच ऑइल असतं. चॅसी म्हणजे नुसता सांगाडा समजून सँडब्लास्टिंगला (वाळूचा मारा करून रंग-गंज काढायला) दिली तर वाळू या ऑइलच्या टाकीत जाते, आणि टाकीतून इंजिनात. मला हे माहीत होतं. त्यामुळे मी सगळी भोकं बोल्ट आणि रबरी बुचं लावून बंद केली, वरून टेप गुंडाळली आणि निर्धास्त झाले. पावडर कोटिंग होऊन चॅसी आली ती इतकी देखणी होती की दोन दिवस मी तिला हात लावण्याआधी हात धुवत होते.

तिसऱ्या दिवशी केवळ खात्री म्हणून तिच्यात लिटरभर रॉकेल ओतलं, उलटीसुलटी करून हलवली आणि पांढऱ्या एनॅमलच्या ताटात रिकामी केली. रॉकेल निवळल्यावर ताटाच्या कडेला राखाडी चंद्रकोर उमटली. बोटाने चोळली तर करकर लागली. चिमूटभर वाळू, फार नाही. पण ऑइल पंप फिल्टरच्या आधी येतो, म्हणजे फिल्टर काही अडवायच्या आत ती पंपातून भरडून निघणार.

पुन्हा धुतली, पुन्हा वाळू. स्पीडोमीटरची जुनी केबल घेऊन तिचं टोक पिंजलं, ड्रिलला लावली आणि नळीच्या आतून फिरवली. त्या वेळी जे निघालं ते पाहून पोटात गोळा आला, कारण वाळूबरोबर चाळीस वर्षांचं वाळलेलं ऑइलही खपल्या होऊन बाहेर पडत होतं आणि त्या खपल्यांखाली आणखी वाळू दडलेली होती. नवव्या वेळी ताट स्वच्छ निघालं, तरी दहावं धुणं केलंच. पहिलं ऑइल ५० किलोमीटरला बदललं, दुसरं ३०० ला. ऑइलच्या जाळीत थोडी ॲल्युमिनियमची चमक होती, करकर नव्हती. अजूनही ऑइल मी त्याच पांढऱ्या ताटात काढते. तुमच्या गाडीचं ऑइल चॅसीत असेल तर माझं ऐका: ब्लास्टिंग करूच नका. खरवडा, केमिकलने रंग काढा, वेळ लागू द्या.

याच ऑइलने दुसरा धडाही दिला, तो मात्र संपूर्ण माझ्या मूर्खपणाचा. दुसऱ्या महिन्यात गाडी तीन आठवडे उभी होती. काढायच्या आधी डिपस्टिक बघितली तर कोरडी. अर्धा लिटर ऑइल ओतलं, गाडी सुरू केली आणि दहा मिनिटांत ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात, तिथून माझ्या बुटावर. ऑइल कुठे गेलंच नव्हतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की वरचं ऑइल झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतं. इंजिन चार-पाच मिनिटं चालवलं की पंप ते परत वर नेऊन टाकतो आणि पातळी त्यानंतर बघायची असते. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. मॅन्युअल प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून फळीवर ठेवलेलं होतं, तेल लागू नये म्हणून.

कार्बोरेटरची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. मिकुनीचा व्हीएम ३२, रचना सोपी, आतून बऱ्यापैकी स्वच्छ. मी तरी ‘आता खोललाच आहे तर’ या न्यायाने पूर्ण रिपेअर किट घातलं: जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं), नीडल (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी निमुळती सुई), ती ज्यात सरकते तो नीडल जेट, फ्लोटची सुई, गॅस्केट, सगळं नवं, चकाचक. गाडी सुरू झाली, आयडलला छान. पूर्ण थ्रॉटललाही छान. मध्ये मात्र, म्हणजे जिथे आपण नव्वद टक्के वेळ चालवतो तिथे, घुसमटायची. प्लग काढला की काजळी. नीडलची क्लिप एक खाच वर घेतली, मग आणखी एक. थोडा फरक पडला, पण गाडी मोकळी होईना. दीड महिना मी इग्निशनला दोष देत होते.

शेवटी बरणीत टाकून ठेवलेली जुनी नीडल शोधून काढली आणि दोन्ही सुया शेजारी शेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघितल्या. नवीचा निमुळतेपणा जुनीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आधीच सुरू होत होता. बारीकशीच गोष्ट, पण मधल्या थ्रॉटलला पेट्रोल किती जायचं हे तोच उतार ठरवतो. जुनी नीडल आणि तिचा जुना नीडल जेट परत घातले, मेन आणि पायलट जेटही मूळचेच. किटमधलं आत राहिलं ते फक्त गॅस्केट आणि फ्लोटची सुई. त्याच संध्याकाळी गाडी मधल्या थ्रॉटलला अशी खेचायला लागली की मी वळायचं ठिकाण सोडून पुढे निघून गेले. तेव्हापासून जुना भाग नावाची चिठ्ठी लावून बरणीत जातो आणि गाडी हजार किलोमीटर चालेपर्यंत फेकला जात नाही.

याउलट ज्याची मला सगळ्यात धास्ती होती त्या सिलिंडरबद्दल लिहायला काहीच नाही. मोजला, खाली घासलेला निघाला, ०.५० मिमी ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा, पिस्टन आणला आणि तो पिस्टन हातात देऊनच बोअर करून घेतला. पिस्टन आणि बोअरमधला गॅप ०.०५ मिमी. रिंगा बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने त्यांचा गॅप बघितला. धूर नाही, आवाज नाही, ऑइल जवळपास खात नाही.

चौथ्या महिन्यात मिसफायर, म्हणजे मध्येच ठिणगी चुकणं, सुरू झालं. गुळगुळीत रस्त्यावर ठीक, खडबडीत रस्ता लागला की इंजिन आचके द्यायचं. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट साफ केले, गॅप ०.३५ मिमीला लावला, कंडेन्सर बदलला, प्लगची कॅप बदलली. फरक शून्य. कारण निघालं ती देखणी पावडर कोटिंग. इग्निशन कॉइल चॅसीला बोल्टने बसते आणि तिचं अर्थिंगही त्याच बोल्टमधून होतं. कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचाच थर. इतके दिवस बोल्टच्या आट्यांना कुठेतरी जेमतेम लोखंड लागत होतं म्हणून भागलं. बोल्ट थोडा सैल झाल्यावर तेवढाही आधार गेला. ब्रॅकेटखालचा थर खरवडला आणि कॉइलपासून थेट इंजिनाला एक जादा वायर टाकली. पाच मिनिटांचं काम, शोधायला तीन रविवार.

पेट्रोलच्या टाकीचंही तसंच. आतून गंजलेली होती, गंज नीट काढला आणि तिथे थांबायचं सोडून वरून लायनिंगही, म्हणजे गंज रोखणारा आतला लेप, ओतलं. पाचव्या महिन्यात लायनिंगला फुगे आले. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल सगळ्याच लेपांना मानवत नाही, शिवाय माझ्या टाकीच्या आत थोडी ओल राहिली असणार. त्याचे पापुद्रे पेट्रोल कॉकच्या जाळीवर जमले आणि जे जाळीतून सुटले ते पायलट जेटमध्ये. गाडी आयडलला उभी राहीना. लायनिंग सॉल्व्हंटने भिजवून, आत नटबोल्ट टाकून खडखडवून काढायला गंज काढण्यापेक्षा दुप्पट वेळ गेला. आता आत नुसता पत्रा आहे, मी टाकी भरलेली ठेवते आणि गंज परत आलेला नाही. टाकीला भोकं पडलेली नसतील तर लायनिंगच्या नादी लागू नका.

किरकोळ गोष्टी पटापट. नवीन स्पोक घालून रिमचा आउट (वाकडेपणा) स्वतः काढला होता. पहिल्या २०० किलोमीटरला स्पोक पुन्हा तपासले तर मागच्या चाकाचे सात-आठ सैल होते. ते ताणल्यावर पुन्हा बघावं लागलं नाही. फोर्कच्या पाइपवर क्रोममध्ये टाचणीच्या डोक्याएवढे दोन खड्डे होते, ते नुसते घासून सोडून दिले. नव्या ऑइल सीलने महिनाभरात माना टाकल्या. मग खड्ड्यांत इपॉक्सी भरून, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने सपाट करून पुन्हा सील घातले, ते अजून कोरडे आहेत. ड्रम ब्रेक म्हणजे थांबण्याची विनंती असते, आधीपासून करायची. आणि कंपनांबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे: आरसा, नंबर प्लेट, सायलेन्सरचा बोल्ट, टेललाइटचा बल्ब, सगळं पाळीपाळीने गेलं. ज्या बोल्टना लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावलं ते राहिले.

हत्यारांपैकी एकाचंच कौतुक करते. जपानी गाडीचे चौफुली स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरला नीट बसत नाहीत, ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. मी सुरुवातीला साध्याने जोर लावून चार स्क्रूंची डोकी घालवली. बरोबर टोक आणि हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणल्यावर इंजिन कव्हरचे बाकीचे सगळे स्क्रू न कुरकुरता सुटले.

घ्यावी का? रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल तर नको. मला विचाराल तर कच्च्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, जेमतेम थ्रॉटलवर, एकेक ठोका मोजता येईल इतक्या संथपणे ती ज्या पद्धतीने चढते, तेवढ्यासाठी मी पोटरीवरचा तो डाग पुन्हा एकदा सहन करीन. पुन्हा जोडायची वेळ आली तर ब्लास्टिंग नाही, लायनिंग नाही, कार्बोरेटरचं किट नाही. चौदापैकी चार महिने वाचले असते.

सध्या दोन कामं बाकी आहेत. किकच्या लिव्हरचे दाते घासायला लागलेत, जोरात मारली की किंचित सटकल्यासारखी वाटते. तो शाफ्टवरचे दाते खाण्याआधी बदलायला हवा, आणि या वेळी नवा लिव्हर जुन्याशेजारी धरून बघितल्याशिवाय बसवणार नाही. शिवाय रविवारी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचे गॅप, बघायचेत. त्यासाठी इंजिन पूर्ण थंड लागतं, म्हणून शनिवारी संध्याकाळनंतर गाडी काढायची नाही असं ठरवलंय. मागच्या शनिवारीही ठरवलं होतं.