कोरी तिकिटं जमवायची की शिक्का पडलेली?

रेल्वेला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९५३ मध्ये, टपाल खात्याने दोन आण्यांचं तिकीट काढलं. त्यावर १८५३चं इंजिन आहे आणि १९५३चंही. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आली ती ठाण्यालाच. त्यामुळे देशाचा इतिहास तिकिटांमधून जमवायचं मनात असलेल्या ठाणेकराने याच तिकिटापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. पण ते कोरं घ्यायचं की वापरलेलं, हे आधी ठरवायला हवं.

कोऱ्या तिकिटाची बाजू आधी घेतो. चित्र अख्खं दिसतं. १५ ऑगस्ट १९४८ची गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली होती, त्यांवर हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलंय. त्या चेहऱ्यावर काळा शिक्का बघवत नाही. शिवाय नवीन तिकिटं छापील किमतीतच मिळतात. ठाण्याहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की जवळच जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, तिथे फिलाटेलीचा, म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकिटांचा, विभाग आहे. सारख्या खेपा नको असतील तर तिथेच आगाऊ पैसे भरून डिपॉझिट अकाउंट उघडा, तिकिटं टपालाने घरी येतात.

अडचण गोंदाची आहे. कोऱ्या तिकिटाची किंमत बरीचशी मागच्या बाजूवर ठरते. गोंद शाबूत हवा, हिंज, म्हणजे तिकीट वहीत चिकटवायची कागदी पट्टी, लावल्याचा डाग नको. आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा, वर चार महिने पाऊस. ओल येणाऱ्या भिंतीच्या कपाटात मी एक स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं ठेवायची वही, आडवं ठेवलं होतं. गणपतीत उघडलं तर आठ तिकिटं पानाला चिकटलेली, बाकीच्यांच्या कडांना तपकिरी ठिपके. तेव्हापासून पुस्तकं उभी ठेवतो, आतल्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

वापरलेल्या तिकिटाला ही काळजी बरीच कमी, कारण गोंद आधीच धुतला गेलेला असतो. जुन्या तिकिटांमध्ये ते बहुधा स्वस्तही पडतं. पण मला ते आवडतं ते शिक्क्यामुळे. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७चं, तिरंगा आणि ‘जय हिंद’, साडेतीन आणे. ते परदेशी टपालासाठी होतं. कोऱ्या प्रतीवर हे कळत नाही. नव्या देशाचा झेंडा लावून परक्या गावी गेलेलं पाकीट हातात आलं, की कळतं. गाव, तारीख, कधीकधी वेळसुद्धा त्यावर असते. १९५७ मध्ये, १८५७च्या शताब्दीला, निघालेलं राणी लक्ष्मीबाईंचं तिकीट कुणीतरी साध्या खुशालीच्या पत्राला चिकटवलं होतं, हे मला त्या चित्राइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणून एक कळकळीची विनंती. घरातल्या जुन्या पत्रांवरची तिकिटं कापू नका. लहानपणी मी आजोबांच्या पाकिटांचे कोपरे कापून पाण्यात टाकले. तिकिटं राहिली, पत्ते गेले, आणि ती पत्रं कुठून आली होती हे सांगणारं आता कुणी नाही.

फर्स्ट डे कव्हर हा तिसरा मार्ग. पाकीट, तिकीट, पहिल्या दिवसाचा खास शिक्का, सगळं एकत्र. मुलांना गोष्ट सांगायला छान. महर्षी कर्व्यांच्या शंभरीला, १८ एप्रिल १९५८ला, त्यांचं तिकीट निघालं तेव्हा ते स्वतः हयात होते. हयात भारतीयावरचं ते पहिलंच तिकीट, आणि अशा प्रसंगाला तारखेचा शिक्का शोभतो. मात्र कव्हरं जागा खूप खातात.

माझा कौल असा: १९६० आधीचं सगळं वापरलेलं, जमल्यास अख्ख्या पाकिटासह. आज निघणारं कोरं, दोन-दोन प्रतींत. अपवाद १९४८च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटाचा. त्याच्या बनावट प्रती फिरतात, जाणकाराला दाखवल्याशिवाय कोरंही घेऊ नका आणि वापरलेलंही.

रेल्वेच्या शंभरीचं ते तिकीट घेताना भिंग न्या. शिक्क्यातलं गावाचं नाव तिकिटाच्या कडेच्या दात्यांपाशी तुटलं असेल तर पुढची प्रत बघा. आणि ‘ठाणे’ वाचता आलं, तर फार घासाघीस करू नका.