घरचा सर्व्हर: फायबरवर की 5जीच्या डब्यावर?

जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड (स्वतःचं क्लाउड चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून फोटो स्वतःकडेच ठेवायचे असतील, तर जाहिरातीतला डाउनलोडचा आकडा विसरा. बाहेरून फोटो उघडता तेव्हा पाठवणारं तुमचं घर असतं. तिथे अपलोड लागतो.

वायरशिवाय घरात इंटरनेट आणणारा गच्चीवरचा 5जी डबा पटकन लागतो, भाड्याच्या घरात तर वरदानच. पण मिड-बँड 5जीत येणं-जाणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं चालतं आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला जातो. अपलोड 10 एमबीपीएस मिळाला, तर 100 जीबीचा बॅकअप भावाच्या घरी पाठवायला 22 तास. फायबरच्या 100/100 प्लॅनवर (डाउनलोड-अपलोड दोन्ही 100 एमबीपीएस) तेच काम सव्वादोन तासांत. (फायबरही मुळात समसमान नाही: जीपीऑन या घरगुती फायबरच्या तंत्रात डाउनलोड 2.5, अपलोड 1.25 जीबीपीएस, तेही शेजाऱ्यांत वाटून. पण घरगुती वापराला पुरून उरतं.)

एका बाबतीत मात्र दोघेही नाठाळ. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे पत्ते जेमतेम 430 कोटी, म्हणून कंपन्या एका पत्त्यामागे अनेक घरं कोंबतात. हेच सीजीनॅट. मग बाहेरून थेट तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. मी दोन संध्याकाळी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडत बसलो, तिथे 100.64 ने सुरू होणारा, सीजीनॅटसाठी राखलेला पत्ता दिसला तेव्हा ट्यूब पेटली. फायबरवाल्यांकडे बहुधा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागता येतो. टेलस्केल या तुमची उपकरणं खासगी जाळ्यात जोडणाऱ्या सेवेनंही भागतं, पण मग दोन टोकांची गाठ घालून द्यायला पुन्हा तिसऱ्याचाच सर्व्हर.

माझं मत फायबरला. वायर येतच नसेल, तर डबा घ्या आणि पहिला बॅकअप रात्री लावून झोपा.