‘जड़ से निकाल दूँगा’ म्हणणारा लेपवाला आणि आमची राणी

आम्ही इंदूरचे कुंभार. पणजोबा खानदेशातून इकडे आले तेव्हापासून दारात गाढवं आहेत. चाकाची माती, विटा, रेती, सगळं त्यांच्याच पाठीवरून आलं. तरीही आमच्या गाढविणीच्या, राणीच्या दुखण्यात मी फसलो. निदान तुमचं जनावर वाचावं म्हणून लिहितोय.

पावसाळ्याच्या तोंडावर राणीच्या छातीशी, तंग (ओझं बांधायचा पट्टा) घासतो त्या जागी, हरभऱ्याएवढं चामखिळीसारखं काहीतरी दिसलं. दोन महिन्यांत ते लिंबाएवढं झालं. वरची साल निघाली, माश्या घोंगावू लागल्या.

त्याच सुमारास एक जण मोटरसायकलवरून वस्तीत यायचा. स्वतःला जनावरांचा वैद्य म्हणवायचा. मोबाइलवर फोटो दाखवायचा : आधी गाठ, मग त्याच जागी लाल, स्वच्छ खड्डा. “कैंसर है भैया, चाकू लगाया तो फैल जाएगा. मेरा लेप जड़ से निकाल देगा.” शिवाय घरातल्या लेकरांना लागेल अशी भीती घातली. तिथे आई घाबरली आणि आम्ही हो म्हणालो. तपासणीचे ८०० रुपये, लेपाचे ३,५००.

काळपट, उग्र वासाचा लेप होता. लावताच राणीच्या अंगावर शहारा आला, कान मागे गेले, आणि ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, फार दुखत नसेल. गाढव घोड्यासारखं उधळत नाही, दुखणं गिळून उभं राहतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही.

नवव्या दिवशी चामड्यासारखी काळी खपली सुटली. त्याने ती चिमट्यात धरून उलटी केली, खालचे पांढरे धागे दाखवले. “ये देखो, जड़ निकल गई.” आईने हात जोडले. त्याने जखमेचा फोटो काढून घेतला.

सहा आठवड्यांत गाठ परत आली. या वेळी मुठीएवढी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लागला की रक्त. तो म्हणाला, विष रक्तात उतरलंय, तीन इंजेक्शनं द्यावी लागतील, ७,००० रुपये. बाटलीवरचं लेबल खरवडून काढलेलं होतं. मी ते पाहिलं, आणि तरीही पैसे दिले. दुसऱ्या इंजेक्शननंतर राणीने कडब्याला तोंड लावणं सोडलं.

मग शेजारच्या मुलाच्या टेम्पोत घालून तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिच्या जोडीच्या गाढवालाही सोबत घेतलं, कारण जोडीदार दिसला नाही तर गाढव आणखी खचतं. डॉक्टरांनी गाठीआधी विचारलं, “किती दिवस खात नाही?” गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं आणि जनावर दगावतं. गाठीपेक्षा ते लवकर मारतं. म्हणून आधी सलाईन, नळीने पातळ खाणं, आणि गाठ नंतर.

गाठीचं नाव सारकॉइड. घोड्यागाढवांच्या कातडीच्या गाठींत सगळ्यात जास्त हीच आढळते. गाईबैलांना चामखिळी आणणारा पॅपिलोमा विषाणू हिच्या मुळाशी असतो, आणि माश्या तो जखमेपर्यंत पोचवत असाव्यात असं मानतात. ही गाठ सहसा फुप्फुसात-यकृतात पसरत नाही, पण जागच्या जागी आत घुसत जाते. माणसांना ती लागत नाही. पांढरे धागे म्हणजे मूळ नव्हतं, लेपाने जाळलेलं मांस होतं. असले लेप गाठीबरोबर चांगली कातडीही जाळतात, आणि खाली उरलेली गाठ चवताळून वाढते.

लेपवाल्याचं चाकूबद्दलचं बोलणं अर्धं खरं होतं, म्हणून ते मला पटलं. सारकॉइड अर्धवट कापली, नुसती खरवडली किंवा दोरा बांधून तोडली तर खरंच बिघडते. पण कडेची कातडी घेऊन पूर्ण काढली, तळ गोठवला, तर बरी होण्याची आशा असते. राणीची गाठ कापून तळाशी द्रव नायट्रोजन मारला, गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवायला वापरतात तोच. एकदा गोठवायचं, विरघळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. डॉक्टरांनी खात्री दिली नाही. परत येऊ शकते, दर महिन्याला दाखवा, म्हणाले. मला त्यांचं हेच बोलणं सगळ्यात विश्वासाचं वाटलं.

आता रोज संध्याकाळी तंगाखाली, जांघेत, कानामागे, पापण्यांवर हात फिरवतो. तंगाला मऊ कापड शिवलं. लीद रोज उचलतो, ओरखडा आला तरी धुऊन माश्यांपासून झाकतो. डोळ्यांभोवती कातडी गुलाबी असेल तर उन्हाने होणारा वेगळा कॅन्सर तिथे येऊ शकतो, अशा जनावराला दुपारी सावलीत बांधा. आणि गाठ दिसली की १९६२ वर फोन करा, सरकारी पशुवैद्यकीय गाडीचा तो नंबर आहे.

राणी खाते, चालते. जखमेच्या जागी पांढरे केस आलेत, गोठवलेल्या जागी तसेच येतात.

त्या माणसाचा फोन बंद आहे. आमचे ११,३०० गेले ते गेले. पण त्याच्या मोबाइलमध्ये आता राणीचाही फोटो असणार. राखाडी गाढवीण, डाव्या कानाला चीर, छातीशी लाल, स्वच्छ खड्डा. तुम्हाला कुणी तो फोटो दाखवला तर ओळखा, ती आमची राणी आहे. त्या फोटोनंतर सहा आठवड्यांत तिची गाठ मुठीएवढी झाली होती.