मुरगळलेल्या पायाला रंगीत टेप की क्रेप बँडेज?

मामेबहीण जिन्यावरून घसरली, पाय मुरगळला. औषधाच्या दुकानातूनच फोन: "ताई, खेळाडू लावतात ती रंगीत पट्टी घेऊ की साधं क्रेप?"

खर्चात क्रेप जिंकतं. धुवा, वाळवा, पुन्हा गुंडाळा. टेपच्या ५ मीटरच्या रोलमधून कापलेला तुकडा मात्र एकदा चिकटवला की ३-४ दिवसांनी कचऱ्यात.

आधाराचं म्हणाल तर टेप ताणली जाते, म्हणून सांधा जखडत नाही. हालचाल मोकळी राहते. १९७०च्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी ही टेप शोधून काढली, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर सगळीकडे दिसू लागली. पण चाचण्यांत, तुलनेसाठी नुसत्या दिखाव्याला लावलेल्या खोट्या पट्टीपेक्षा फरक थोडकाच दिसतो. ताज्या सुजेला दाब लागतो, तो क्रेप देतं.

खटाटोप दोन्हीकडे आहे. टेपला कातडी कोरडी, बिनतेलाची हवी. कोपरे गोल कापायचे, टोकं न ताणता चिकटवायची. मी एकदा टोकं ताणली आणि नेमके तिथेच फोड आले. क्रेप बोटांच्या मुळापासून वर, आठच्या आकड्यात, प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकत. बोटं गार किंवा निळी पडली की लगेच सैल करा, झोपताना काढा. आंघोळीला टेप चालते, क्रेपचा ओला लगदा होतो.

पहिले दोन-तीन दिवस, सूज असताना क्रेप. सूज उतरल्यावर, चालता-पळताना हलका आधार हवा असेल आणि चिकटपट्टीची ॲलर्जी नसेल तर टेप. चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे.

तिने क्रेप घेतलं, १० सेंटिमीटरचं.