जिवंत वडिलांच्या आत्महत्येवर लिहिलेला निबंध: परदेशी प्रवेशाच्या नावाखाली झालेली फसवणूक

दिवाळी झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागतात. 'बारावीनंतर थेट अमेरिकेत डिग्री, १०० टक्के स्कॉलरशिप, प्रोफाइलपासून व्हिसापर्यंत सगळं आमच्याकडे.' अशाच एका फ्लेक्सवरच्या माणसाने माझ्या धाकट्या बहिणीचा अर्ज भरतो म्हणून आमच्याकडून ९५ हजार रुपये घेतले. २५ हजार सोयाबीनच्या पैशांतले, ७० हजार कापसाच्या. पैसे गेल्याचा राग आहेच. पण त्याने तिच्या नावाने जे लिहून ठेवलं त्याचा राग त्याहून मोठा आहे, आणि लिहायला बसलोय तो मुख्यतः त्यासाठी.

त्याचा कार्यक्रम एका मंगल कार्यालयात झाला. चहा, पोहे, प्रोजेक्टरवर गाऊन-टोपी घातलेल्या मुलांचे फोटो. माणूस बोलायला गोड, आईबापांशी वऱ्हाडीत, पोरांशी इंग्रजीत. बहिणीला दहावीला ९१ टक्के, अकरावी-बारावी सायन्स. तिला बाजूला घेऊन त्याने बरेच प्रश्न विचारले, पण ती काय वाचते, पुढे काय शिकायचं म्हणते, यातलं काहीच विचारलं नाही. शेती किती एकर, कर्ज किती, घरात कोणी आजारी आहे का, नात्यात कोणी 'गेलं' आहे का, एवढंच. हे प्रश्न कोणत्या कामाचे होते ते जानेवारीत कळलं.

त्याची पहिली थाप सरकारी शिष्यवृत्तीची होती. 'सरकार परदेशी शिक्षणाचा सगळा खर्च देतं, अर्ज फक्त स्ट्राँग पाहिजे,' असं सांगून तो केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचं आणि राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं नाव घ्यायचा. या दोन्ही योजना खऱ्या आहेत आणि चांगल्या आहेत. पण त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतरच्या पदवीला त्यांचा उपयोग नाही. बारावीच्या मुलासमोर कोणी या योजनांची नावं घेतली तर तिथूनच परत फिरा.

दुसरी गोष्ट तारखांची. अमेरिकेतली बरीचशी कॉलेजं कॉमन अ‍ॅप नावाच्या एकाच संकेतस्थळावरून अर्ज घेतात. तिथला नव्या वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आगेमागे. जी कॉलेजं बाहेरदेशच्या गरीब मुलाला खरोखर भरघोस आर्थिक मदत देतात, त्यांच्याकडे मुदत टळल्यावर काही चालत नाही. मदतीचे वेगळे कागदही त्याच सुमारास मागतात. म्हणजे मुलाने अकरावी संपताच तयारीला लागायला हवं. आमच्याकडचा हा माणूस मात्र दिवाळीनंतर उगवतो, आणि मोठा हप्ता मागतो तो कापूस जिनिंगला गेल्यावर. पैसे हातात पडेपर्यंत तो नुसत्या मीटिंगा घेत होता. त्याचं वेळापत्रक विद्यापीठांच्या तारखांवर नाही, आपल्या घरात पैसा कधी येतो त्यावर आखलेलं होतं.

अर्जाचं खातं त्याने त्याच्याच ईमेलवर उघडलं. पासवर्ड मागितला तर म्हणाला, 'तुमच्याकडून चुकून काही दाबलं गेलं तर अर्ज बाद होईल.' असं काही होत नाही. कॉमन अ‍ॅपचं खातं फुकट उघडतं, मूल स्वतः मोबाइलवरूनही उघडू शकतं, आणि मुलाच्या सहीशिवाय अर्ज जातच नाही. ती सही म्हणजे एक प्रतिज्ञा असते की अर्जातला मजकूर माझा स्वतःचा आणि खरा आहे. बहिणीच्या जागी ती प्रतिज्ञा त्याने केली.

जानेवारीत त्याने नावाचं स्पेलिंग तपासायला म्हणून अर्जाची पीडीएफ पाठवली. बहिणीने ती शेवटपर्यंत वाचली. कॉमन अ‍ॅपमध्ये मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो. तिच्या निबंधात पहिल्याच ओळीत आमचे वडील गळफास घेऊन गेलेले होते. पुढे ती स्मशानात शपथ घेते, गावात संस्था काढते, २०० विधवांना शिलाई शिकवते. कुटुंबाच्या माहितीत वडील हयात नाहीत असं भरलेलं आणि मृत्यूची तारीखही टाकलेली.

वडील तेव्हा ओसरीत तुरीच्या शेंगा निवडत होते. बहिणीने त्यांना मराठीत अर्थ सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'मी तं जित्ता आहो ना इथं. मले कायले मारलं त्यानं?'

मी फोन केला तेव्हा त्या माणसाचा आवाजही बदलला नाही. 'विदर्भातून अर्ज म्हटल्यावर त्यांना हेच वाचायचं असतं. आत्महत्याग्रस्त कुटुंब लिहिलं की स्कॉलरशिप पक्की.' नंतर कळलं की आर्णी तालुक्यातल्या एका मुलालाही हाच निबंध गेला होता. मुलीचा मुलगा केला, गावाचं नाव बदललं, आणि मधे एका ठिकाणी 'मुलगी' तसंच राहून गेलं.

आमच्या पंचक्रोशीत खरोखर असं घडलेली घरं आहेत. त्या घरातल्या लेकरांना मी ओळखतो. त्यातलं एखादं लेकरू उद्या आपल्या बापाबद्दल खरं लिहील, आणि वाचणाऱ्याने तोवर असले विकतचे निबंध पाहिलेले असतील, तर त्या लेकराचं कोण ऐकणार? दुसऱ्याच्या घरातलं मरण उचलून हा माणूस पॅकेजमध्ये विकतो. यासाठी मला त्याला माफ करता येत नाही.

आणि हा अर्ज समजा पूर्ण होऊन गेला असता, प्रवेशही मिळाला असता, तर? आर्थिक मदतीच्या कागदांवर वडिलांचं उत्पन्न आणि वडिलांचीच सही लागली असती. व्हिसाच्या खिडकीवर शिक्षणाचा खर्च कोण करणार हे दाखवावं लागलं असतं. निबंधात मेलेला माणूस दुसऱ्या कागदावर सही करतोय, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. खोटी माहिती उघड झाली की विद्यापीठ दिलेला प्रवेश रद्द करू शकतं, मूल तिथे जाऊन शिकायला लागलेलं असलं तरीही. त्या दिवशी उत्तर द्यायला हा माणूस नसता. अठरा वर्षांची पोर एकटी उभी असती.

आता तिने स्वतः सांगितलेल्या आणि त्याने खोडून टाकलेल्या गोष्टी सांगतो, कारण पालकांना हेच कोणी सांगत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातला कापूस खाल्ला, तेव्हा ती लहान होती. नववीपासून ती आमच्या शेतातले कामगंध सापळे (बोंडअळीच्या नर पतंगांना वासाने ओढून पकडणारे) रोज सकाळी पाहते आणि वहीत पतंग मोजून लिहिते. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे कृषी सहायकाने सांगितलेलं तिने पाठ केलं आहे. त्या वहीमुळे आमच्या विनाकारणच्या फवारण्या कमी झाल्या. शेजारचे दोन शेतकरी तिला विचारून औषध आणतात. आई निंदणाला जाते म्हणून सकाळचा स्वयंपाक हिच्याकडे, मग एसटीने कॉलेज. आईच्या बचतगटाचं खातं तीच लिहिते, कारण गटात नीट हिशेब लिहिणारं दुसरं कोणी नाही.

तो म्हणाला, 'हे घरकाम आहे, अ‍ॅक्टिव्हिटी नाही.' ही थाप मला सगळ्यात वाईट वाटते. कॉमन अ‍ॅपच्या अर्जात दहा उपक्रम लिहिता येतात, आणि त्यांच्या प्रकारांच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे. मजुरी किंवा पगारी काम हाही वेगळा प्रकार आहे. भावंडं सांभाळणं, म्हशींचं पाहणं, आजीचं दुखणंखुपणं, सुट्टीत वेचणीला जाणं, हे सगळं तिथे लिहायचं असतं, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे या हिशेबासकट. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरंच मिळतात, म्हणून मोठे शब्द वापरायला जागाच नसते. किती सापळे, किती एकर, किती हंगाम, फवारणी कितीवर आली, एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला मुलगी दिसते. स्ट्राँग अर्ज म्हणतात तो हाच. आमच्या खेड्यांतल्या किती पोरांकडे तो आधीच आहे, आणि त्याच पोरांना नसलेल्या संस्थांचे अध्यक्ष करून ही माणसं पैसे उकळतात.

शिफारसपत्राचंही तसंच. शिक्षकाला कॉमन अ‍ॅपवरून ईमेल जातो आणि शिक्षक स्वतः पत्र चढवतो. बहिणीने कॉलेजच्या सरांना विचारलं तर त्यांना काहीच आलेलं नव्हतं. त्या माणसाने सरांच्या नावाने एक जीमेल उघडून पत्र स्वतःच लिहिलं होतं. सर फार संतापले, आणि आमच्या तक्रारीला त्यांनीच लेखी जोड दिली. तुमच्या मुलाच्या शिक्षकाला एकदा समक्ष विचारा की ईमेल आला का. सरांना इंग्रजीत लिहायची सवय नसेल, तर त्यांनी मराठीत सांगून इंग्रजीच्या मॅडमकडून नीट लिहवून घेतलेलं पत्र कितीतरी बरं.

मार्चमध्ये, बहिणीची बोर्डाची परीक्षा सुरू असताना, 'ऑफर लेटर' आलं. सोबत मागणी: आय-२० साठी ९० हजार, एका खासगी खात्यात, तीन दिवसांत. हे आम्ही दिले नाहीत. आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद प्रवेशानंतर विद्यापीठच देतं. त्यानंतरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) ३५० डॉलर असते आणि ती विद्यार्थ्याच्या नावाने थेट अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर भरायची असते. शिवाय प्रवेशाचा निर्णय कॉमन अ‍ॅप कळवत नाही. प्रत्येक विद्यापीठ तो स्वतःच्या पोर्टलवर किंवा ईमेलने विद्यार्थ्याला कळवतं, आणि अमेरिकी विद्यापीठांचे ईमेल पत्ते बहुतेक डॉट ईडीयू या शेपटीचे असतात. आमचं पत्र साध्या जीमेलवरून आलेलं. आम्ही विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ते पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं की हे पत्र आमचं नाही. पीडीएफमध्ये नावं असलेल्या बाकीच्या कॉलेजांनाही लिहिलं. एकाकडे अर्धवट अर्ज पडला होता, इतरांकडे तिच्या नावाने काहीच नव्हतं. जिथे अर्धवट अर्ज होता, तिथे बहिणीने स्वतः पत्र लिहून काय घडलं ते कळवलं आणि अर्ज मागे घेतला. ज्यांचा असा अर्ज गेला असेल त्यांनी हे आधी करावं. कोणी उघड करण्याची वाट पाहू नये.

तक्रारीबद्दल. पोलिस ठाण्यात सुरुवातीला 'हा आपसातला व्यवहार आहे' असं ऐकावं लागलं. पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, पीडीएफ, सरांचं पत्र आणि विद्यापीठाचं उत्तर एकत्र जोडल्यावर तक्रार घेतली. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे थांबवणं कठीण होतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही. आमच्या २५ हजारांच्या पावतीवर 'प्रिंटिंग चार्जेस' लिहिलेलं होतं. पावती घेताना त्यावर काम काय लिहिलंय ते वाचा, आणि नसेल तर लिहायला लावा.

ज्यांच्या मुलांना खरंच बाहेर जायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. एज्युकेशन-यूएसए ही अमेरिकी सरकारच्या परराष्ट्र खात्याची सल्लासेवा आहे, मुंबईत तिचं केंद्र आहे, आणि तिची माहिती ऑनलाइन फुकट मिळते. अर्जाची फी परवडत नसेल तर कॉमन अ‍ॅपमध्येच फी माफीची विनंती करता येते. आपल्या भागात राजू केंद्रे यांनी यवतमाळातून उभी केलेली एकलव्य ही संस्था ग्रामीण, पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. आणि बाहेर म्हणजे अमेरिकाच असं नाही. बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरच्या उत्पन्नानुसार फी माफ करतं. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी ही प्रवेश परीक्षा २०२२ पासून सुरू आहे आणि ती मराठीतूनही देता येते. तिचा फॉर्म मूल घरी बसून भरू शकतं, त्यासाठी कोणाला हजारो रुपये मोजायची गरज नाही.

बहिणीने यंदा थांबायचं ठरवलं आहे. ऑगस्टमध्ये ती स्वतःच्या ईमेलवरून खातं उघडणार आहे. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका तिने शाळा-कॉलेजातून आधीच मिळवून ठेवल्या आहेत, कारण तिकडे चारही वर्षांचे गुण मागतात. निबंध पतंगांच्या वहीवर लिहितेय. वडिलांना वाचून दाखवते, आणि ते मधेच तिला थांबवून सांगतात की अमुक साली सापळे उशिरा लावले होते, ते नीट लिही.

दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या भागात ज्यांच्या मुलांना बाप गेल्याचा असाच निबंध मिळाला असेल, किंवा ज्यांच्याकडे 'प्रिंटिंग चार्जेस'च्या पावत्या असतील, त्यांनी त्या फेकू नयेत. बदनामीच्या भीतीने घरात ठेवूही नयेत. आपापल्या तालुक्याच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. एकट्याची तक्रार फाइलमध्ये पडून राहते. चार तालुक्यांतून तोच निबंध पुढे आला तर तपास अधिकाऱ्याला तो बाजूला ठेवता येणार नाही.