गच्चीवर सोलर: मोनो पर्क घ्यावं की टॉपकॉन?

सोलरच्या कोटेशनमध्ये हल्ली पॅनेलच्या या दोन प्रकारांची नावं समोरासमोर येतात. पॉली हे जुन्या प्रकारचं पॅनेल स्वस्त मिळत असेल तरी सोडून द्या, तेवढ्याच विजेला त्याला जास्त जागा लागते.

दोन्हींचं मूळ सिलिकॉनच. पातळ चकतीच्या एका भागात बोरॉन, दुसऱ्यात फॉस्फरस अगदी किंचित मिसळलेला असतो. हे भाग जिथे भेटतात तिथे विद्युतक्षेत्र तयार होतं. उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन ते एकाच बाजूला ढकलतं आणि वीज वाहू लागते.

फरक आहे तो चकतीच्या मुख्य भागात. पर्कमध्ये तिथे पूर्वापार बोरॉन असतो. ऊन लागलं की बोरॉन आणि ऑक्सिजनच्या जोड्या बनतात, त्यात इलेक्ट्रॉन अडकतात आणि नव्या पॅनेलची वीज सुरुवातीलाच थोडी घटते. बोरॉनऐवजी गॅलियम वापरलं की हा त्रास बराच कमी होतो, म्हणून विक्रेत्याला हे आवर्जून विचारा. टॉपकॉनच्या चकतीत फॉस्फरस असल्याने ती अडचण जवळपास नाहीच. शिवाय तिच्या मागच्या अंगाला एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. इलेक्ट्रॉन त्यातून पार होतात, पण वीज गोळा करणाऱ्या धातूपाशी वाया जात नाहीत. मला ही करामत फार आवडते.

आता आपला एप्रिल-मे. पॅनेलवर छापलेले वॉट सेल २५ अंश सेल्सिअसवर असतानाचे असतात. विदर्भातल्या गच्चीवर सेल ६५ पर्यंत सहज तापतो. त्यापुढच्या दर अंशाला पर्क साधारण ०.३५ टक्के वीज गमावतं, टॉपकॉन ०.३०. म्हणजे भर दुपारी ३ किलोवॉटमागे फरक ६० वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या दोन बीएलडीसी पंख्यांइतका. २५ वर्षांनंतर किती वीज मिळेल याच्या वॉरंटीतही टॉपकॉन काही टक्क्यांनी पुढे राहतं.

गच्ची लहान असेल किंवा भावात थोडाच फरक असेल तर मी टॉपकॉनच घेईन. जागा भरपूर आणि फरक मोठा असेल तर गॅलियमवालं पर्क. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॉटला ७८,००० रुपये) हवं असेल तर सेलही भारतातच बनलेले, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतं.

मात्र पाण्याच्या टाकीची सावली पडली तर या सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त वीज जाते. सेल एकसर जोडणीत असतात. एक झाकला तरी पॅनेलचा मोठा भाग बंद पडतो. डिसेंबरात सावल्या सर्वांत लांब पडतात. तेव्हा सकाळी ९ आणि दुपारी ४ वाजता गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेला खडूने रेघ मारा आणि रेघेच्या आत पॅनेल बसवू देऊ नका.