शिसमचा खणवाला चीज बोर्ड: डिसेंबर ते सप्टेंबर, पावसाळ्यासकट

फळी शिसमची, पट्ट्या जोडून केलेली. लांबी १६ इंच, रुंदी ११ इंच, जाडी १८ मिमी. खाली सरकता खण, त्यात चार सुऱ्या. डिसेंबरपासून आतापर्यंत दर पंधरवड्याला एकदा तरी पाहुण्यांसमोर गेलेला बोर्ड आहे. फळीला पूर्ण मार्क, खणाला जवळपास शून्य.

खोक्यावरच्या चित्रात पाच प्रकारचं चीज मांडलेलं दिसतं. या मापात तीनच मांडावेत. प्रत्येक तुकड्याभोवती सुरी फिरायला तीन बोटं जागा मोकळी हवी. नाहीतर निळ्या बुरशीचं, उग्र चवीचं ब्लू चीज शेजारच्या चेडारला लागतं आणि पुढचे सगळे घास एकाच चवीचे होतात. जेवणाआधी द्यायचं तर माणशी ५० ते ६० ग्रॅम पुरतं, म्हणजे सहा जणांना साधारण ३५० ग्रॅम. एक मऊ (ब्री किंवा कॅमेम्बर), एक घट्ट (गौडा किंवा जुनं चेडार), एक वेगळ्या चवीचं. तिसऱ्या जागेसाठी मुंबईतच एलेफ्थेरिया ही चीज कंपनी बनवते ते ब्रुनोस्ट फार छान: चीज करताना निघालेलं पाणी आटवून केलेलं, तपकिरी, कॅरॅमलसारखं गोडसर. गडद शिसमवर ब्री खुलतं, ब्रुनोस्ट मात्र लाकडात हरवून जातं. त्याच्याखाली केळीच्या पानाचा तुकडा, नीट पुसून, ठेवावा.

‘तासभर आधी फ्रीजबाहेर काढा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो २० अंशांच्या खोलीसाठी आहे. मे महिन्यात ३२ अंशांच्या हॉलमध्ये ब्री वीस मिनिटांत तयार होतं आणि पाऊण तासात पसरायला लागतं. चेडारवर तेलाचे थेंब येतात, कारण दुधातली चरबी या तापमानाला बरीचशी वितळलेली असते. म्हणून उन्हाळ्यात निम्मंच चीज बोर्डवर मांडावं, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून नंतर भर घालावी. घट्ट चीज गार असतानाच कापावं, काप सरळ पडतात.

पावसाळ्यात अडचण वेगळी. थंड चीज उघडं ठेवलं की हवेतली वाफ त्यावरच थिजते, पाच मिनिटांत पृष्ठभाग ओला आणि चिकट होतो. वेष्टणासकट बाहेर काढावं, पाणी वेष्टणावर जमू द्यावं, ते पुसून मग उघडावं. एवढ्यानं फरक पडतो.

चारपैकी दोन सुऱ्या खऱ्या कामाच्या. भोकांची सुरी मऊ चीजला चिकटत नाही. छोटी टोकदार, पानासारखी सुरी घट्ट चीजमध्ये खुपसून तुकडा फोडण्यासाठी. दोन दातांचा काटा आणि सपाट पातं क्वचितच हातात येतं. मुठी नुसत्या डिंकावर बसवलेल्या आहेत. धुताना पाण्यात बुडवून ठेवल्या की सैल होतात. एक एप्रिलमध्ये निघाली, एपॉक्सीने बसवावी लागली. आणि ब्रीच्या तिकोनी तुकड्याचं टोक कधीही आडवं कापू नये. उभे लांब काप काढावेत, म्हणजे प्रत्येकाला साल आणि आतला मऊ भाग दोन्ही मिळतात.

सोबतीला इराणी बेकरीतला ब्रून पाव सर्वांत उत्तम. ५ मिमी जाडीच्या चकत्या, १५० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा उलटून. खारी नको: तिच्यात स्निग्धांश आधीच भरपूर, शिवाय चीज लावताना तिचा चुरा होतो. चेडारला कैरीचा गुळांबा, ब्लू चीजला मध. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षं, पावसाळ्यात नासपती. कापलेलं फळ वाटीतच द्यावं, रस सुटून पाव भिजतो. जैन पाहुणे असतील तर मध आणि अंजीर बोर्डवर नकोतच, आणि चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका आधी बघून घ्यावा.

आता खण. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो अडकला. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं आणि इथे खणाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम १ मिमी फट आहे. घासून कमी करू नका, डिसेंबरमध्ये लाकूड आकसलं की तोच खण खुळखुळेल. कडांना मेणबत्ती घासली की सरकतो, पण आठ-दहा दिवसच. त्याहून वाईट म्हणजे किंचित ओलसर सुरी आत राहिली तरी मागच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी धरते. ती व्हिनेगरच्या फडक्याने पुसून खण पंख्याखाली पूर्ण वाळवावा लागतो. जुलैपासून सुऱ्या बाहेर स्टँडमध्ये आणि खण रिकामा, हाच टिकाऊ उपाय ठरला.

फळी मात्र जराही वाकली नाही, कारण तेल दोन्ही बाजूंना लावलं गेलं. फक्त वरच्या बाजूला लावलं तर खालची बाजू जास्त ओल पिते आणि फळी डुगडुगायला लागते. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल खवट होतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन घ्यावं. साधारण दोन मोठे चमचे पुरतात, रात्रभर मुरू द्यावं, सकाळी पुसून टाकावं. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा. धुतल्यावर फळी आडवी न ठेवता कडेवर उभी करावी. ब्लू चीजचा वास राहिला तर जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घासून पाच मिनिटांनी पुसावं.

आज पुन्हा घ्यायचा झाला तर हेच लाकूड, हेच माप, पण खण नसलेला आणि खाली रबरी पाय असलेला बोर्ड घ्यावा, म्हणजे ओट्यावरचं पाणी फळीला लागत नाही.